किसननाना आणि लाखबंद शेवट

आटगाव स्टेशनाबाहेर, शहापूरच्या बाजारात किंवा मुरबाडच्या गाडीतळावर आपण हातात एखादी रहस्यकथा घेऊन उभे असाल आणि खाकी पँट घातलेले, उंच, किंचित वाकलेले एक गृहस्थ जवळ येऊन अत्यंत आपुलकीने "कुठपर्यंत?" असे विचारतील, तर माझी आपणांस नम्र परंतु स्पष्ट सूचना आहे की, उत्तर देऊ नये. पुस्तक पिशवीत घालावे आणि चालू लागावे. आपण भोळेपणाने "ऐंशीव्या पानापर्यंत आलोय" असे सांगितलेत, की ते गृहस्थ खिशातून लोखंडी चिमटा काढून हवेत दोनदा टकटक वाजवतील, तोंड आपल्या कानाशी आणतील आणि म्हणतील,

"मग ऐका. भाचा."

एवढेच. पुढची दोनशे पाने आपल्या हातात तशीच राहतात आणि त्यांतला जीव गेलेला असतो.

हे गृहस्थ म्हणजे किसननाना. लाल गाडीवरचे सेवानिवृत्त कंडक्टर. उभी नोकरी मुरबाड, टोकावडे, माळशेज या रस्त्यावर आणि अधूनमधून शहापूर, भातसानगर या बाजूला झाली. तालुक्यातल्या निम्म्या लोकांची लग्ने, बाळंतपणे आणि कोर्टाच्या तारखा त्यांच्या घंटीवर पार पडल्या आहेत. तिकिटाला भोक पाडण्याचा खात्याचा चिमटा त्यांनी निवृत्त होताना खात्याला रीतसर जमा केला. खिशातला चिमटा त्यांचा स्वतःचा आहे, कल्याणच्या बाजारातून घेतलेला. ही बाब मी मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे तो चिमटा या हकिकतीत पुराव्यादाखल येणार आहे.

आता माझ्याविषयी. शहापूरच्या कचेरीच्या आवारात, जांभळीच्या सावलीत टेबल टाकून मी अर्ज, प्रतिज्ञापत्रे व करारनामे लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढे परिस्थितीने हरकत घेतली. तथापि माझ्या हातचा अर्ज त्रुटीसाठी परत आला, असे तालुक्यात कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. सर्व लोक मला भाऊसाहेब म्हणतात. एकटे किसननाना मला "रायटर" म्हणतात. मी त्यांना याबाबत तोंडी समज दिलेली आहे.

नानांच्या वाचनाची पद्धत जगावेगळी. कोणतेही पुस्तक हातात आले की ते प्रथम शेवटचे पान वाचणार, नंतर पहिले. मी एकदा त्यांना कारण विचारले.

"रायटर, शेवटचा स्टॉप ठाऊक नसंल तर मी घंटी मारू कशी? पाटी नसलेल्या गाडीत कोण बसंल?"

"परंतु नाना, रहस्यकथेत शेवट आधी कळला तर वाचायचे काय?"

"वाचायचं काय म्हंजे? खिडकीतून बघत बसायचं. माळशेजच्या गाडीत बसलेल्याला ठाऊक नसतंय का, गाडी माळशेजला जानार? तरी बघतोच ना बाहेर?"

आणि पुस्तक पुरे झाले की ते शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात चिमट्याने एक भोक पाडतात. टक. "पोचली," म्हणतात. आमच्या वाचनालयातल्या झाडून सगळ्या रहस्यकथांच्या शेवटच्या पानांना अशी बारीक, गोल भोके आहेत. ग्रंथपाल वनिताबाई प्रथम दंड आकारीत असत. नाना दंड भरीत आणि पावती घेऊन तिलाही भोक पाडीत. शेवटी वनिताबाईंनी नाद सोडला.

पुस्तकातला गुन्हेगार म्हणजे नानांच्या भाषेत 'विदाऊट'. विनातिकीट माणूस ओळखण्याची त्यांची एक खूण आहे आणि ती त्यांनी मला अनेकदा ऐकवली आहे. "गाडीत कंडक्टर शिरला की ज्यानं तिकीट काढलंय तो कंडक्टरकडं बघतो. विदाऊटवाला खिडकीबाहेर बघतो. आन् असा बघतो, जनू बाहेरचं झाड त्याच्या बापानं लावलंय." ही खूण वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावी. मी ती वेळेवर ध्यानात ठेवली नाही.

नानांचा उपद्रव किती, याचे एकच उदाहरण देतो. आमचे देसले गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचे कडक. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांवर पट्टी बांधून घरी पडले होते आणि त्यांच्या पत्नी त्यांना रोज दुपारी एक रहस्यकथा थोडी थोडी वाचून दाखवीत. नाना समाचाराला गेले. डझनभर केळी नेली, प्रकृतीची चौकशी केली, उशी नीट केली आणि निघताना दारातून म्हणाले, "गुर्जी, आराम करा. डोक्याला ताप नका देऊ. डाक्टरनंच मारलाय."

गुरुजी डोळ्यांना पट्टी असताना अंथरुणातून उठले आणि आवाजाच्या रोखाने एक केळे फेकले. ते त्यांच्या पत्नीला लागले. पुढे कित्येक महिने गुरुजी नानांशी बोलत नव्हते. समोर आले तर रस्ता ओलांडीत.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील वाचनप्रेमींचे आमचे एक वाचक मंडळ आहे. मी त्याचा कार्यवाह आहे. गुरुजी अध्यक्ष आहेत, परंतु अध्यक्ष केवळ अध्यक्ष असतो. मंडळाने एक पुस्तक निवडावे, सर्वांनी ते वाचावे व त्यावर चर्चा करावी, असा शिरस्ता. दोन वर्षे आम्ही चरित्रे वाचली. सभासद गळत गळत चार-पाचच राहिले. तेव्हा टोकावड्याच्या अंगणवाडी सेविका मनीषाताई उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊसाहेब, राग नका मानू, पन दर वेळी थोर मानसं किती वाचायची? एकदा खून घ्या ना."

मंडळाने ठराव केला की, यंदा एक रहस्यकथा निवडण्यात यावी. मी पद्धतशीर जाहीर सूचना काढून वाचनालयाच्या दारावर डकवली: पुस्तके सुचवावीत, हरकती असल्यास त्या रविवारच्या सभेत मांडाव्यात. कचेरीत चालते ते सर्वत्र चालावे, असे माझे मत आहे. ही सूचना किसननानांनीही वाचली.

रविवारी सभा भरली. वनिताबाईंनी कपाटातून रहस्यकथांचा ढीग काढून टेबलावर ठेवला. खिडकीशी सीताफळाचे झाड आहे. त्या झाडाखाली, बाहेरच्या बाजूला, नाना उभे होते. सभासद नसल्यामुळे आत येण्याचा त्यांना अधिकार नव्हता.

गुरुजींनी पहिले पुस्तक उचलले. "हे कसे वाटते?"

खिडकीतून आवाज आला. "वहिनी."

गुरुजींनी पुस्तक खाली ठेवले. दुसरे उचलले.

"जुळा भाऊ. मेलाच नव्हता तो."

"अहो नाना!" वनिताबाई ओरडल्या.

"हरकती मागवल्यात ना? ही माझी हरकत. त्या तिसऱ्यात कोन मेलंच नाय. सगळं इन्शुरन्ससाठी. टाइम फुकट."

गुरुजींनी उठून खिडकी लावली. चौथे पुस्तक मी स्वतः उचलले. खिडकीची काच फुटकी होती, भोकातून चिमटा टकटकला आणि आवाज आला, "स्वैपाकीन. पन तिची काय चूक नाय, बिचारीची."

ढीग संपला. एकही पुस्तक जिवंत राहिले नाही. मनीषाताई पदर तोंडाला लावून हसत होत्या, परंतु गुरुजींचा चेहरा पाहून मला गंभीर राहणे भाग होते. सभेने एकमताने दोन ठराव केले. एक, किसननानांनी न वाचलेली रहस्यकथा दोन्ही तालुक्यांत शोधण्यात यावी. दोन, ती वाचून होईपर्यंत नानांना वाचनालयाच्या आवारात मज्जाव असावा. मंडळाच्या मोबाइलवरच्या ग्रुपमधून त्यांना पूर्वीच काढलेले होते. तेथे त्यांनी सभासदांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली खुन्यांची नावे लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी माझे टेबल मांडून होते न होते तो नाना समोर येऊन बसले. पक्षकार बसतो त्या बाकावर.

"रायटर, एक अर्ज लिवायचाय."

"कोणाच्या नावे?"

"तुमच्याच मंडळाच्या. मला सभासद करून घ्या म्हनून."

मी त्यांना कायदेशीर स्थिती समजावून सांगितली. मज्जावाचा ठराव झालेला आहे. तो उठवायचा तर सबळ हमी लागेल. नाना म्हणाले, "द्या ना हमी. काय लिवायचं ते लिवा, मी सही ठोकतो." तेव्हा मी कागद पुढे ओढला व एक हमीपत्र तयार केले. ते माझ्या उत्तम लेखनांपैकी आहे. त्यात कलमे घातली की, लिहून देणार हा निवडलेल्या पुस्तकातील खुन्याचे नाव, नाते, व्यवसाय अथवा वर्णन तोंडी, लेखी, खुणेने अगर चिमट्याच्या आवाजाने कोणासही कळविणार नाही. तसेच सदर पुस्तक त्याने पूर्वी वाचलेले असल्यास तो तसे तत्काळ जाहीर करील व वाचन संपेपर्यंत बाहेर जाईल. या अटींचा भंग झाल्यास त्याचे सभासदत्व कायमचे रद्द होईल व पुन्हा अर्ज करता येणार नाही.

नानांनी शेवटचे वाक्य प्रथम वाचले. "कायमचं?"

"कायमचे."

"बरं."

"आता एक रकाना राहिला. यापूर्वी आपण खुन्यांची नावे सांगत होतात, त्याचे कारण काय लिहू?"

जांभळीखाली दोन माणसे सातबाऱ्यावरून भांडत होती, त्यांच्याकडे नाना पाहत राहिले. मग म्हणाले, "कसंय रायटर, सगळा जनम भरल्या गाडीत गेला. ह्याला सुटे द्या, त्याला पुढं सरकवा, म्हातारीला जागा द्या. रिटायर झालो नि गाडी एकदम रिकामी. तुमची वैनी व्हती तवर घरात आवाज तरी व्हता. पोरगं नाशकाला. फोन करतो, 'जेवलात का' इचारतो. जेवलो म्हटलं की ठेवतो."

"ते मला ठाऊक आहे. पण नावे का सांगता?"

"सहज बोलायला गेलं की मानूस म्हनतो, घाईत हाय नाना. पन खुन्याचं नाव सांगितलं की खवळतो. खवळला की थांबतो. दोन शिव्या देतो, मी दोन ऐकतो. तेवढा टाइम तरी उभा ऱ्हातो ना माझ्याजवळ?"

मी लेखणी हातात धरून होतो. माझ्या व्यवसायात पक्षकाराने सांगितलेले सर्व कागदावर उतरवायचे नसते. काय उतरवायचे नाही, यातच अनुभव असतो. मी रकान्यात लिहिले, 'वैयक्तिक कारणास्तव.' नानांनी सही केली. सवयीने चिमटा काढला होता, तो मी परत खिशात ठेवायला लावला. हमीपत्राला भोक पडले असते तर दस्त बाद झाला असता.

मंडळाने खूप कुरकुर करून अर्ज मंजूर केला. गुरुजी म्हणाले, "एक संधी. पहिली आणि शेवटची. हा माणूस गप्प बसणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो."

पुस्तक मिळवून दिले मनीषाताईंनी. त्यांच्या वडिलांचा टोकावड्याला रस्त्यावर धाबा आहे. तेथे एका बाकाचा पाय आखूड होता आणि त्याखाली वर्षानुवर्षे एक जाडसर पुस्तक सारलेले होते. मनीषाताईंनी ते ओढून काढले, बाकाखाली वीट सारली आणि पुस्तक झटकून शहापूरला आणले. पुढचे मुखपृष्ठ नाही, नाव नाही, लेखक नाही, आरंभीची काही पाने भज्यांना गेलेली. मागचा पुठ्ठा मात्र शाबूत. आत पाहिले तर बंगला, विष, वकील, सर्व काही.

"हे नानांनी वाचलेलं असनं शक्यच नाय," त्या म्हणाल्या. "बाकाखाली कोन वाचतंय?"

प्रत एकच. म्हणून ठरले की, दर रविवारी दुपारी मी ती मोठ्याने वाचावी. दस्त झाल्यावर पक्षकारांना वाचून दाखवण्याचा माझा सराव असल्यामुळे माझा आवाज स्पष्ट आहे. खून असो वा खरेदीखत, मी स्वल्पविरामालाही थांबतो. आणि नानांची पद्धत लक्षात घेऊन शेवटचे प्रकरण लाखबंद करावे, असेही ठरले. मी तपकिरी कागद, दोरा व लाख आणली. मजकूर माझ्याही नजरेस पडू नये म्हणून मान वळवून, केवळ बोटांच्या अंदाजाने ती पाने कागदात गुंडाळली व लाख ओतली. रबरी शिक्का लाखेवर उठेना, तेव्हा एक रुपयाचे नाणे दाबले. उत्तम उठले.

पहिल्या रविवारी नाना आले ते हातरुमालात उकडलेल्या शेंगा घेऊन. सर्वांत मागच्या खुर्चीवर बसले. कलमानुसार मी पुस्तक त्यांच्या हातात देऊन विचारले, "लिहून देणार यांनी सदर पुस्तक पूर्वी वाचलेले आहे काय?"

नानांनी पुस्तक उलटसुलट केले. मागच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. लाखेवरचा रुपया पाहिला. सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

"पाटीच नाय हो गाडीला," ते म्हणाले. "कुठली म्हनून वळखू?" आणि पुस्तक परत देऊन ते खिडकीबाहेरच्या सीताफळाकडे पाहू लागले. सीताफळाला त्या दिवसांत पानसुद्धा नव्हते.

मी नोंद केली: वाचलेले नाही.

वाचन सुरू झाले. आरंभीची पाने नसल्यामुळे कथा एका वाक्याच्या मध्येच सुरू होत होती: 'म्हणून त्यांनी दार ढकलले, परंतु फार उशीर झाला होता.' खून त्या गेलेल्या पानांतच होऊन गेला होता. सगळे रडत होते, पोलीस येत होते, परंतु मेले कोण, याचा पत्ता लागेना. पहिला रविवार यातच गेला. दुसऱ्या रविवारी गुरुजींनी पुरावे मांडून सिद्ध केले की तात्यासाहेब मेले असावेत. पुढच्याच पानावर तात्यासाहेब चहा मागताना आढळले.

"मग मेलं तरी कोन?" मनीषाताई वैतागल्या.

"आवो, मेलेला तर..." मागच्या खुर्चीवरून नाना म्हणाले.

गुरुजी सावकाश मागे वळले. मी हमीपत्राच्या फाइलवर हात ठेवला.

नानांनी एक शेंग तोंडात टाकली, सालासकट. चावून चावून गिळली. "मेलेला तर मेला, असं म्हनत व्हतो मी. आपन पुढं सरका."

मेलेले हे बंगल्याचे मालक रावसाहेब होत, हे आम्हांला तिसऱ्या रविवारी समजले. तेव्हा जो आनंद झाला, तसा एखाद्याच्या मरणाने आमच्या वाचनालयात पूर्वी झाला नव्हता.

पुढचे रविवार नानांना फार जड गेले असावेत. चिमटा खिशात दाबून धरीत. कथेत भाचा आला की डोळे मिटीत, डॉक्टर आला की छताकडे पाहत. एकदा वकिलाच्या तोंडी एक लांबलचक बचाव होता, तो मी विशेष जीव ओतून वाचला, तर नानांना इतका खोकला लागला की वनिताबाईंनी पाणी दिले. तरी ते एक अक्षर बोलले नाहीत. गुरुजींना चैन पडेना. ते वाचनापेक्षा मागेच जास्त पाहत.

मात्र दुसरी एक गोष्ट घडू लागली. वाचन संपले की पूर्वी जो तो आपल्या वाटेने जात असे. आता खुनी कोण, यावरून दारातच वाद सुरू होई. तो वाद गाडीतळापर्यंत जाई, कारण मनीषाताईंना मुरबाडची गाडी असे आणि वाद कोणालाच अर्धवट टाकवत नसे. मध्ये नाना चालत. सगळे त्यांच्यावर ओरडून बोलत, कारण त्यांचे मत काढायचे होते.

"बोला ना नाना, कोन वाटतंय?" मनीषाताई विचारीत.

"मला काय ठाऊक गो? मी पन तुमच्यासारखाच पॅसेंजर."

"खोटं! तुमचा कोनावर तरी डाउट असंल."

"हाय ना. रायटरवर. बघ कसा गप चाललाय."

यावर लोक हसत. गाडी लागली की नाना दार उघडून धरीत, मनीषाताईंना जागा धरून देत, आणि गाडी हलली की बाहेरून पत्र्यावर दोनदा थाप मारीत. मग आटगावच्या रिक्षात बसत. एका रविवारी गुरुजी त्यांच्याशेजारून चालले. बोलले नाहीत, परंतु रस्ता ओलांडला नाही.

शेवटी लाख फोडण्याचा रविवार आला. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. मुरबाडहून गळालेले सभासदही परत आले होते. मी नियम सांगितला की, सील फोडण्यापूर्वी प्रत्येकाने आपला संशयित जाहीर करावा. गुरुजी म्हणाले, डॉक्टर. वनिताबाई म्हणाल्या, स्वयंपाकीण. मी भाच्याचे नाव घेतले. मनीषाताई म्हणाल्या, "वकील." मी तेथल्या तेथे समजावून सांगितले की, कायद्याचा अभ्यास केलेला माणूस असे कृत्य करणार नाही. त्या म्हणाल्या, "कायदा ठाऊक असलेलाच करील, भाऊसाहेब."

"आणि नाना?" गुरुजींनी विचारले. इतक्या महिन्यांत ते नानांशी प्रथमच थेट बोलत होते.

नाना उठून उभे राहिले. पँट वर ओढली. सगळी खोली त्यांच्याकडे वळली होती. त्यांनी चिमटा काढला, दोनदा टकटक वाजवला, आणि गंभीरपणे म्हणाले,

"माळी."

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिले.

"माळी?" गुरुजी म्हणाले. "अहो, माळी चौथ्या प्रकरणात साप चावून मेला! मी मोठ्याने हळहळलो होतो!"

"मेला व्हय?" नाना म्हणाले. "कवा? मी शेंगा सोलत असंन."

जे हसू फुटले ते थांबेचना. वनिताबाईंनी टेबलावर डोके ठेवले. गुरुजी चष्मा काढून डोळे पुसत होते. "सगळ्या तालुक्याच्या पुस्तकांचे खुनी सांगत फिरलात, आणि स्वतःवर वेळ आली तर मेलेला माळी! नाना, या, पुढे या. इथे माझ्या शेजारी बसा." नाना मागची खुर्ची सोडून पुढे आले व गुरुजींच्या शेजारी बसले. गुरुजींनी त्यांच्या रुमालातली शेंग न विचारता उचलली.

मी सील तपासले, शाबूत असल्याचे जाहीर केले आणि फोडले. प्रकरण वाचू लागलो. खुनी वकील निघाला. मनीषाताईंनी अशी आरोळी ठोकली की बाहेरचा पानवाला आत डोकावला. नाना त्यांच्याकडे पाहून टाळ्या वाजवत होते. "शाब्बास गो बाय! बरोबर पकडलास विदाऊटला!"

मी गलका शांत केला व अखेरच्या पानावर आलो.

पानाच्या कोपऱ्यात एक बारीक, गोल भोक होते.

कडा जुन्या, पिवळ्या पडलेल्या. वाचता वाचता माझा आवाज स्वल्पविराम नसलेल्या जागी थांबला. टोकावडे. धाबा. मुरबाड-माळशेजची गाडी तेथे चहाला थांबत असे. आणि ज्या सीताफळाला पानसुद्धा नव्हते, त्या सीताफळाकडे एक मनुष्य किती मन लावून पाहत होता, तेही मला आठवले. हमीपत्राच्या दुसऱ्या कलमाचा पहिल्याच दिवशी भंग झालेला होता. पुरावा माझ्या हातात होता. परिणाम मीच लिहिला होता: कायमचे.

मी वर पाहिले. पान उजेडाकडे धरलेले असल्यामुळे त्या भोकातून नेमके नाना दिसत होते. ते आता हसत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते, खिडकीबाहेर नाही.

आयुष्यभर मी दुसऱ्यांचा अंगठा धरून कागदावर टेकवला आहे. त्या दिवशी माझा स्वतःचा अंगठा त्या भोकावर ठेवला आणि उरलेले पान शेवटच्या पूर्णविरामापर्यंत, स्पष्ट आवाजात वाचून दाखवले.

"बघू ना भाऊसाहेब, मी परत एकदा वाचते शेवट," मनीषाताई हात पुढे करून म्हणाल्या.

"सदर पुस्तक दप्तरी जमा झालेले आहे," मी म्हणालो. "आता ते कोणासही पाहता येणार नाही." आणि पिशवीत घातले.

गाडीतळाकडे जाताना गुरुजी आणि मनीषाताई पुढे वकिलावरून भांडत चालले होते. नाना मुद्दाम मागे राहून माझ्या बरोबरीने चालू लागले. चिमटा एकदाही वाजला नाही.

मग हळूच म्हणाले, "भाऊसाहेब."

हे संबोधन त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो.

"पुढच्या टायमाला पुस्तक निवडाल ना, जरा जाडं निवडा. हे लवकर संपलं."

पुढून गुरुजींनी हाक मारली, "अहो नाना, काय मागे मागे रेंगाळता? चला, पुढे सरका!" नाना लगबगीने पुढे गेले.

मी त्यांच्या म्हणण्यावर कोणतीही हरकत नोंदवली नाही.